विश्लेषण : ना पदवी, ना सरकारी अनुदान, तरी जगभरातून प्राध्यापक आले; रवींद्रनाथ टागोरांनी ‘जागतिक’ विद्यापीठ कसे उभे केले?

परदेशी विद्यापीठाशी सामंजस्य करार झाल्याची बातमी आता दर आठवड्याला कुठून ना कुठून येते. शाश्वत विकास, हवामान बदल, ग्रामीण उपजीविका असे विषय त्यात असतात. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये शाश्वत विकासाची १७ उद्दिष्टे ठरवली. त्यातले सतरावे उद्दिष्ट भागीदारीचेच आहे.

पण करार झाल्यावर पुढे काय होते? पैसा कोण देतो, विषय कोण ठरवतो आणि शेवटी गावात काय पोहोचते? या प्रश्नांची उत्तरे शोधायची तर शंभर वर्षे मागे जावे लागते. बंगालमधल्या बीरभूम जिल्ह्यातील लाल मातीच्या माळावर एका कवीने हाच प्रयोग केला होता. त्यात काय जमले आणि काय फसले, हे जाणून घेऊ.

कवीचा शेतीशी संबंध कसा आला?

रवींद्रनाथ टागोर यांचा जन्म ७ मे १८६१ रोजी कोलकात्यातील जोडासांको येथील श्रीमंत जमीनदार घराण्यात झाला. शाळेत त्यांचे मन रमले नाही. शिक्षणासाठी ते इंग्लंडला गेले, पण पदवी न घेताच परतले.

१८९० च्या सुमारास वडील देवेंद्रनाथ यांनी त्यांच्यावर जमीनदारीची जबाबदारी टाकली. शिलाईदह, शहाजादपूर आणि पतिसर ही त्यांच्या कामाची ठिकाणे. हा सगळा भाग आज बांगलादेशात आहे. पद्मा नदीवर होडीत राहून त्यांनी कथा आणि कविता लिहिल्या, हे सर्वांना माहीत असते. त्याच होडीतून त्यांनी कुळांचे कर्ज, पुराने खचलेली शेते, मलेरिया आणि सावकारी जवळून पाहिली.

यातून त्यांचे एक मत पक्के झाले. गावाला दान देऊन गाव उभे राहत नाही, गावातल्या लोकांनी एकत्र येऊन स्वतःची कामे करायला हवीत. पतिसरच्या परिसरात त्यांनी गावकऱ्यांच्या सभा स्थापन केल्या. कुळांनी थोडी वर्गणी द्यायची, जमीनदारीने त्यात भर घालायची आणि त्यातून शाळा, दवाखाना, रस्ते, विहिरी करायच्या, अशी ही रचना होती. १९०५ मध्ये त्यांनी पतिसरला शेतकऱ्यांसाठी बँकही काढली.

पहिली आंतरराष्ट्रीय पायरी कोणती?

त्या काळात जमीनदार घराण्यातील मुलगा परदेशी गेला की बॅरिस्टर किंवा सनदी अधिकारी होऊन यायचा. रवींद्रनाथांनी १९०६ मध्ये मुलगा रथींद्रनाथ आणि मित्राचा मुलगा संतोषचंद्र मजुमदार यांना अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात पाठवले, तेही शेती शिकायला. पाठोपाठ जावई नगेंद्रनाथ गांगुली यांनाही त्यांनी तिकडेच धाडले.

ज्या कुळांच्या खंडावर घर चालते, त्यांची शेती सुधारेल असे काही मुलांनी शिकून यावे, ही त्यामागची भूमिका होती. १९०९ मध्ये पदवी घेऊन रथींद्रनाथ शिलाईदहला परतले. अमेरिकेतून आणलेले मक्याचे बियाणे, नवी अवजारे आणि माती तपासण्याची छोटी प्रयोगशाळा अशी त्यांची सुरुवात होती.

इलिनॉयमध्ये शिकताना रथींद्रनाथांनी वेगवेगळ्या देशांतल्या विद्यार्थ्यांच्या ‘कॉस्मोपॉलिटन क्लब’च्या उभारणीत भाग घेतला होता. अशाच एका क्लबमुळे पुढे टागोरांना सर्वांत मोठा परदेशी सहकारी मिळणार होता.

१९१२-१३ च्या हिवाळ्यात स्वतः रवींद्रनाथही इलिनॉय विद्यापीठाच्या अर्बाना गावात राहिले. १९१३ मध्ये त्यांना साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले.

नोबेलच्या पैशांचे काय झाले?

पारितोषिकाची रक्कम एक लाख रुपयांहून थोडी जास्त होती. रवींद्रनाथांनी ती पतिसरच्या शेतकरी बँकेत ठेव म्हणून ठेवली. शेतकऱ्यांना सावकारापेक्षा कमी व्याजाने कर्ज मिळेल आणि ठेवीच्या व्याजातून शांतिनिकेतनची शाळा चालेल, असा दुहेरी हिशेब त्यामागे होता.

हिशेब चांगला होता, पण टिकला नाही. पुढे शेतकऱ्यांच्या कर्जाबाबत कायदे आले, वसुली थांबली आणि बँक मोडकळीस आली. ठेवही गेली. हेतू शुद्ध असला तरी संस्थेचा सगळा पैसा एकाच जागी ठेवण्यातला धोका शाळेच्या वाट्याला आला.

विश्वभारतीची कल्पना कुठून आली?

शांतिनिकेतनची शाळा रवींद्रनाथांनी डिसेंबर १९०१ मध्ये अवघ्या काही मुलांना घेऊन सुरू केली होती. ती जागा देवेंद्रनाथांनी १८६३ मध्ये घेतलेली. झाडाखाली वर्ग भरत, ऋतूंप्रमाणे उत्सव होत.

१९१६ मध्ये ते जपान आणि अमेरिकेच्या दौऱ्यावर गेले. युरोपात पहिले महायुद्ध पेटले होते. राष्ट्राराष्ट्रांतील स्पर्धेवर त्यांनी या दोन्ही देशांत परखड व्याख्याने दिली. शांतिनिकेतन ही भारताला जगाशी जोडणारी जागा व्हावी, हा विचार त्यांनी याच दौऱ्यात मुलाला पत्रातून कळवला.

डिसेंबर १९१८ मध्ये विश्वभारतीचा पाया घातला गेला. २३ डिसेंबर १९२१ रोजी तत्त्वज्ञ ब्रजेंद्रनाथ सील यांच्या अध्यक्षतेखाली तिचे औपचारिक उद्घाटन झाले. सारे विश्व जिथे एका घरट्यात येते, अशा अर्थाचे संस्कृत वचन हे तिचे ब्रीद ठरले. रवींद्रनाथांनी शांतिनिकेतनची मालमत्ता आणि आपल्या बंगाली पुस्तकांचे हक्क संस्थेच्या नावे केले.

त्या वेळी विरोध का झाला?

कारण वेळ फारच अवघड होती. जालियनवाला बाग हत्याकांडानंतर १९१९ मध्ये रवींद्रनाथांनी ‘सर’ ही पदवी परत केली होती. १९२१ च्या जुलैमध्ये ते युरोप-अमेरिकेहून परतले, तेव्हा देशात असहकाराचे वारे होते. सरकारी शाळा-महाविद्यालयांवर बहिष्कार आणि परदेशी कापडाच्या होळ्या सुरू होत्या.

अशा वातावरणात हा माणूस पश्चिमेकडील प्राध्यापकांना बोलावण्याची भाषा करत होता. गांधीजींबद्दल त्यांना अपार आदर होता, तरी ज्ञानाच्या दारावर बहिष्काराची कडी लावायला त्यांचा विरोध होता. दोघांमधला हा मतभेद लेखांमधून जाहीरपणे मांडला गेला.

राज्यकर्त्यांनाही टागोर विश्वासू वाटत नव्हते. १९२०-२१ मध्ये निधीसाठी ते अमेरिकेत फिरले, पण हाती फारसे काही लागले नाही. इंग्रजांना ते बंडखोर वाटत आणि देशातल्या अनेकांना पश्चिमेचे भक्त. विश्वभारतीच्या भागीदाऱ्या या दोन संशयांच्या मध्ये उभ्या राहिल्या.

एल्महर्स्ट कोण होते?

त्याच अमेरिका दौऱ्यात न्यूयॉर्कमध्ये रवींद्रनाथांची भेट लेनर्ड एल्महर्स्ट या इंग्रज तरुणाशी झाली. केंब्रिजमध्ये इतिहास शिकलेला हा तरुण पहिल्या महायुद्धाच्या काळात भारतात येऊन गेला होता. इथल्या गावांसाठी काही करायचे तर शेती कळली पाहिजे, असे वाटून तो कॉर्नेल विद्यापीठात शेती शिकत होता. तिथल्या कॉस्मोपॉलिटन क्लबचा तो अध्यक्ष होता.

क्लबवर कर्ज होते. त्यासाठी देणगी मागायला तो डोरोथी स्ट्रेट या धनाढ्य अमेरिकी विधवेकडे गेला. तिथे झालेली ओळख पुढे वाढत गेली.

नोव्हेंबर १९२१ मध्ये २८ वर्षांचे एल्महर्स्ट शांतिनिकेतनला पोहोचले. शांतिनिकेतनपासून सुमारे तीन किलोमीटरवर सुरुल गावात टागोरांनी आधीच एक जुनी कोठी आणि जमीन घेऊन ठेवली होती. ६ फेब्रुवारी १९२२ रोजी तिथे ग्रामीण पुनर्रचना संस्थेचे काम सुरू झाले. पुढे ती श्रीनिकेतन म्हणून ओळखली गेली. वार्षिक खर्चासाठीचा पैसा मुख्यतः डोरोथी यांच्याकडून येऊ लागला.

इंग्रज कृषितज्ज्ञ, अमेरिकी विद्यापीठाचे शिक्षण, अमेरिकी देणगी आणि बंगालमधले गाव अशी ही जुळणी होती. सोबत रथींद्रनाथ, संतोषचंद्र आणि वर्षानुवर्षे गावोगाव हिंडलेले कालीमोहन घोष होते. घोष यांच्यामुळे परक्या माणसाला गावाची नाडी कळली.

श्रीनिकेतनमध्ये नेमके काय केले गेले?

आधी गावांची पाहणी झाली. घरे किती, जमीन किती, आजार कोणते, कर्ज कोणाचे, पाणी कुठून येते, याची माहिती गोळा केली गेली. एल्महर्स्ट यांच्या निदानात गावाचे तीन शत्रू होते : मलेरिया, पिकांची नासाडी करणारी माकडे आणि एकमेकांवरचा अविश्वास. तिसरा शत्रू सर्वांत चिवट निघाला. हिंदू, मुस्लिम आणि संथाळ वस्त्या एकमेकांपासून दूर होत्या. शहरी कपड्यातल्या शिकलेल्या माणसांवर तर कोणाचाच भरवसा नव्हता.

कामाची सुरुवात विद्यार्थ्यांपासून झाली. त्यांनी स्वतः स्वयंपाक करायचा, भाजीचे वाफे करायचे आणि संडासाची व्यवस्थाही स्वतःच पाहायची. मैला चरात पुरून त्याचे सोनखत शेताला द्यायचे. जातीच्या कल्पनांमुळे हे काम तेव्हाच्या शिकलेल्या तरुणांना सोपे नव्हते.

१९२२ मध्येच एल्महर्स्ट यांनी कोलकात्यात मातीच्या लुटीवर व्याख्यान दिले. अध्यक्षस्थानी रवींद्रनाथ होते. गाव धान्य, माणसे आणि पैसा शहराला पुरवते, पण शहराकडून मातीला काहीच परत मिळत नाही, असा त्याचा सूर होता. ‘शाश्वत विकास’ हा शब्द तेव्हा प्रचारात नव्हता. मातीचे घेणे-देणे बरोबरीत असावे, हा मुद्दा मात्र तोच होता.

पुढच्या काही वर्षांत कामाच्या शाखा वाढल्या :

– आरोग्य : अमेरिकी परिचारिका ग्रेचेन ग्रीन यांनी दवाखान्याचे काम पाहिले. नंतर अमेरिकी क्वेकर डॉक्टर हॅरी टिंबर्स यांनी मलेरियावर काम केले. गावकऱ्यांनी वर्गणी भरून चालवायच्या सहकारी आरोग्य संस्था उभ्या राहिल्या.

– शिक्षण : १९२४ मध्ये ग्रामीण मुलांसाठी शिक्षासत्र ही शाळा निघाली. हातकाम, बागकाम आणि अभ्यास एकत्र, अशी तिची पद्धत होती. गावोगावी पुस्तके नेणारे फिरते वाचनालयही सुरू झाले.

– कुटिरोद्योग : विणकाम, मातीकाम, लाकूडकाम आणि चामड्याच्या वस्तू. १९२७ च्या जावा प्रवासानंतर बाटिकचे तंत्र शांतिनिकेतनमध्ये रुजले. शांतिनिकेतनच्या चामडी वस्तूंना आज भौगोलिक मानांकन आहे.

– पर्यावरण : १९२८ मध्ये वृक्षारोपण आणि नांगरणीचा उत्सव सुरू झाला. धूप होऊन घळी पडलेल्या माळावर झाड लावणे हा त्यामुळे सणाचा भाग झाला.

ज्ञान फक्त पश्चिमेकडून आले का?

नाही, आणि विश्वभारतीचे वेगळेपण यातच आहे. पॅरिसचे सिल्व्हाँ लेव्ही हे पहिले अतिथी प्राध्यापक. त्यांनी १९२१-२२ मध्ये चिनी आणि तिबेटी भाषांच्या अभ्यासाची सुरुवात करून दिली. प्राग येथून मॉरिझ विंटरनिट्झ, तर नॉर्वेहून स्टेन कोनोव आले. ही मंडळी शिकवायला येत, तशीच शिकायलाही येत.

१९२४ मध्ये रवींद्रनाथ चीनला गेले. सोबत क्षितिमोहन सेन, नंदलाल बोस, कालिदास नाग आणि एल्महर्स्ट होते. तिथल्या काही क्रांतिकारी तरुणांनी त्यांना जुन्या विचारांचे म्हणून विरोध केला, तरी संबंध तुटले नाहीत. १९२७ मध्ये मलायात भेटलेले चिनी अभ्यासक तान युन-शान पुढच्या वर्षी शांतिनिकेतनला आले. त्यांच्या प्रयत्नांतून १४ एप्रिल १९३७ रोजी चीना भवन उघडले. ग्रंथांचा मोठा संग्रह चीनमधून आला.

उलट दिशेनेही प्रवास झाला. एल्महर्स्ट आणि डोरोथी यांनी १९२५ मध्ये लग्न केले आणि इंग्लंडमधील डेव्हन परगण्यात डार्टिंग्टन येथे शेती, कला आणि शिक्षण एकत्र आणणारी संस्था सुरू केली. त्यामागची एक मोठी प्रेरणा श्रीनिकेतनची होती. बंगालच्या गावात केलेला प्रयोग इंग्लंडच्या खेड्यात पोहोचला.

भागीदारी फसली ती कुठे?

सर्वांत गाजलेली चूक इटलीची. १९२५ च्या अखेरीस रोमचे प्राध्यापक कार्लो फोर्मिकी शांतिनिकेतनला आले. तरुण अभ्यासक ज्युसेप्पे तुची यांनाही पाठवण्यात आले. सोबत इटालियन ग्रंथांचा मोठा संच होता आणि हे सगळे मुसोलिनीच्या सरकारकडून होते. पैशांच्या विवंचनेतल्या संस्थेला ही मोठी भेट वाटली.

१९२६ मध्ये रवींद्रनाथ इटलीला गेले. मुसोलिनीची भेट झाली, आदरातिथ्य झाले. तिथल्या वृत्तपत्रांनी त्यांच्या बोलण्याला फॅसिझमच्या स्तुतीचा रंग दिला. स्वित्झर्लंडमध्ये फ्रेंच लेखक रोमाँ रोलाँ यांनी आणि इटलीतून परागंदा झालेल्यांनी त्यांना खरी परिस्थिती सांगितली. त्याच वर्षी त्यांनी इंग्लंडमधील ‘मँचेस्टर गार्डियन’ दैनिकात जाहीर पत्र लिहून फॅसिझमचा निषेध केला. इटलीने सहकार्य थांबवले. विश्वभारतीने प्राध्यापक गमावले, पण आपले म्हणणे विकले नाही.

१९३७ मध्ये जपानने चीनवर आक्रमण केले. त्याचे समर्थन करणारे जपानी कवी योने नोगुची हे टागोरांचे जुने स्नेही. १९३८ मध्ये रवींद्रनाथांनी त्यांना पत्रांतून स्पष्ट नकार कळवला. जपानवर त्यांचे प्रेम होते, तरी ते गप्प राहिले नाहीत.

श्रीनिकेतनच्या मर्यादाही होत्या. काम मोजक्या गावांपुरते राहिले. कर्ज आणि जमिनीचा मूळ प्रश्न सुटला नाही. स्वतः टागोर जमीनदार होते, हा विरोधाभास त्यांनाही टोचत असे. शिवाय खर्चाचा मोठा भाग एकाच देणगीदारावर अवलंबून होता.

पैसा कुठून येत होता?

विश्वभारतीला रवींद्रनाथांच्या हयातीत विद्यापीठाचा कायदेशीर दर्जा नव्हता. त्यामुळे सरकारी अनुदानाचा भक्कम आधारही नव्हता. हैदराबादच्या निजामाने १९२७ मध्ये इस्लामी अभ्यासासाठी एक लाख रुपये दिले. अशा देणग्या, पुस्तकांचे उत्पन्न आणि व्याख्याने यावर गाडा चालत होता.

तरीही तूट भरत नसे. वयाच्या पंचाहत्तरीत रवींद्रनाथ नृत्यनाट्याचा संच घेऊन गावोगाव प्रयोग करत होते. १९३६ मध्ये दिल्लीत गांधीजींनी त्यांची ही दगदग पाहिली आणि ६० हजार रुपयांची व्यवस्था करून त्यांना घरी परतायला लावले. ज्या दोघांचे असहकारावरून जाहीर मतभेद झाले होते, त्यांच्यातला हा प्रसंग आहे.

फेब्रुवारी १९४० मध्ये गांधीजी शांतिनिकेतनला आले. निरोप घेताना रवींद्रनाथांनी त्यांच्या हाती पत्र दिले. आपल्यामागे विश्वभारती सांभाळावी, अशी विनंती त्यात होती. त्याच वर्षी ७ ऑगस्टला ऑक्सफर्ड विद्यापीठाने शांतिनिकेतनमध्येच समारंभ घेऊन त्यांना डॉक्टरेट दिली. बरोबर एका वर्षाने, ७ ऑगस्ट १९४१ रोजी कोलकात्यात त्यांचे निधन झाले.

पुढे काय झाले?

१९५१ मध्ये संसदेने कायदा करून विश्वभारतीला केंद्रीय विद्यापीठ आणि राष्ट्रीय महत्त्वाची संस्था ठरवले. रथींद्रनाथ तिचे पहिले उपाचार्य, म्हणजे कुलगुरू झाले. पैशांची विवंचना मिटली. मात्र अनुदानासोबत नियम, परीक्षा आणि पदव्याही आल्या. टागोरांचा मोकळेपणा त्यात किती उरला, यावर बंगालमध्ये आजही वाद होतो. सप्टेंबर २०२३ मध्ये युनेस्कोने शांतिनिकेतनचा जागतिक वारसा यादीत समावेश केला.

आजच्या करारांसाठी यात काय आहे?

श्रीनिकेतनमध्ये विषय गावाच्या पाहणीतून ठरला आणि तज्ज्ञ त्यानंतर आले. आज बहुतेक वेळा निधीचा विषय आधी ठरतो आणि त्यात बसणारे गाव नंतर शोधले जाते.

दुसरे म्हणजे, विश्वभारतीचे संबंध माणसांमुळे टिकले. इलिनॉय आणि कॉर्नेलच्या वसतिगृहांतल्या ओळखी, कालीमोहन घोषांसारखा गावात मुरलेला कार्यकर्ता, वर्षानुवर्षे मुक्काम ठोकणारे तान युन-शान यांच्यामुळे काम चालले. विद्यार्थी आणि शिक्षक प्रत्यक्ष जात-येत नसतील, तर करार कागदावरच राहतो.

तिसरा मुद्दा पैशांचा. पतिसरची बँक, डोरोथींची देणगी आणि मुसोलिनीची पुस्तके या तिन्ही ठिकाणी प्रश्न एकच होता : देणारा थांबला किंवा त्याने किंमत मागितली, तर संस्था काय करणार? इटलीच्या वेळी विश्वभारतीने मदत गेली तरी चालेल, असे ठरवले. परदेशी विद्यापीठाशी करार करताना आपल्या विद्यापीठांनी या प्रश्नाचे उत्तर सही करण्याआधीच शोधून ठेवायला हवे.